टेंभलीचा अंगठा दिल्लीच्या कोर्टात

सांगा पाहू, भारतातलं सगळ्यांत पहिलं आधार कार्ड कुठे दिलं गेलं? मुंबईत? दिल्लीत? की जिथे कॉम्प्युटरवाल्यांची मोठमोठी ऑफिसं आहेत त्या बंगळुरूत?

तिन्ही उत्तरं चूक! ते दिलं गेलं नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात. तारीख होती २९ सप्टेंबर २०१०. पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः टेंभलीत आले होते. सोनिया गांधी होत्या, आणि आधारची योजना उभी करणारे नंदन नीलेकणीही होते. दहा गावकऱ्यांना त्या दिवशी आपापला बारा आकडी नंबर मिळाला. त्यांत पहिला नंबर होता टेंभलीच्याच एका बाईंचा. पुढे असा नंबर शंभर कोटींहून जास्त लोकांना मिळाला. तुमच्याकडेही असेल.

पण ही झाली अर्धीच गोष्ट. उरलेली अर्धी घडली दिल्लीत, देशाच्या सर्वोच्च न्यायालयात. टेंभलीत लोकांनी मशीनवर बोटं टेकवली, आणि त्यातून असा एक प्रश्न उभा राहिला की त्याचं उत्तर द्यायला नऊ न्यायाधीशांना एकत्र बसावं लागलं. नऊच का? आठ का नाही, सात का नाही? त्यामागेही एक मजेदार हिशोब आहे. तो करूच, पण आधी बोटाकडे बघू.

अंगठ्याचं टोक उजेडात धरा. नांगरलेल्या शेतातल्या तासांसारख्या बारीक रेघा दिसतील. कुणाच्या बोटावर त्या गोल गोल फिरतात, त्याला आपण चक्र म्हणतो. कुणाच्या बोटावर एका बाजूला वळून परत जातात, तो शंख. या रेघा तुम्ही जन्माला यायच्या कितीतरी आधी, आईच्या पोटात साधारण दहाव्या आठवड्यापासून तयार व्हायला लागल्या. शास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये दाखवलं की त्या बोटावर लाटांसारख्या पसरतात. एक लाट बोटाच्या मऊ गादीच्या मध्यातून निघते, एक नखाच्या बाजूने, आणि एक सांध्याच्या घडीजवळून. या लाटा कुठे आणि कधी भेटतात त्यावरून चक्र होणार की शंख, ते ठरतं. झेब्र्याचे पट्टे ज्या गणिताने समजून घेतात, तेच गणित इथेही चालतं. अ‍ॅलन ट्युरिंग नावाच्या इंग्रज गणितज्ञाने ते १९५२ मध्ये मांडलं होतं.

पोटातल्या बाळाची हालचाल, बोटांवर पडणारा दाब, वाढीचा वेग, अशा बारीकसारीक गोष्टींनी या रेघा जराशा बदलत जातात. म्हणून हुबेहूब दिसणाऱ्या जुळ्या भावंडांचेसुद्धा ठसे वेगळे असतात. शाळेत बाई त्यांना ओळखायला चुकतील, मशीन चुकणार नाही. आणि ठशांवरून माणूस ओळखायच्या पद्धतीशी आपल्या देशाचा फार जुना संबंध आहे. १८५८ मध्ये बंगालमध्ये विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या करारावर त्याच्या अख्ख्या पंजाचा ठसा घेतला होता. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचं खास कार्यालय निघालं. लाखो ठशांतून हवा तो ठसा पटकन कसा शोधायचा, ही युक्ती तिथे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांनी बसवली.

आधारसाठी दहाही बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांची चित्रं आणि चेहऱ्याचा फोटो घेतात. पाच वर्षांखालच्या बाळांचे ठसे घेत नाहीत. ते पाचव्या वर्षी घेतात आणि पंधराव्या वर्षी पुन्हा. त्या बारा आकड्यांतला शेवटचा आकडा तर पहारेकरीच आहे. आधीच्या अकरा आकड्यांवर एक खास गणित करून तो काढलेला असतो. नंबर लिहिताना तुम्ही एक आकडा चुकलात, किंवा शेजारच्या दोन आकड्यांची अदलाबदल केलीत, तर हिशोब जुळत नाही आणि कॉम्प्युटर लगेच म्हणतो, हा नंबर चूक आहे! याकोबस व्हेरहूफ या डच गणितज्ञाची ही करामत.

इतकं सगळं छान असताना भांडण कशाचं?

बंगळुरूला के. एस. पुट्टस्वामी नावाचे एक आजोबा राहत. ते कर्नाटकाच्या उच्च न्यायालयात न्यायाधीश होते आणि कधीच निवृत्त झाले होते. २०१२ मध्ये त्यांचं वय होतं ८६. एवढ्या वयात त्यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्यांचं म्हणणं साधं होतं. माझ्या बोटांचे ठसे, माझी बुबुळं ही माझी आहेत. सरकारला ती घ्यायची असतील तर त्यासाठी कायदा तरी हवा ना? (त्या वेळी आधारचा कायदाच झालेला नव्हता. तो २०१६ मध्ये झाला.) आणि माझ्याबद्दलची ही माहिती कोण बघणार, कशासाठी वापरणार, किती वर्षं ठेवणार?

आता कुणाला वाटेल, एकटा माणूस उठून थेट देशाच्या सर्वांत मोठ्या कोर्टात कसा जाईल? शहाद्यातला साधा खटला घ्या. तो आधी तालुक्याच्या कोर्टात चालतो. निकाल पटला नाही तर नंदुरबारच्या जिल्हा न्यायालयात. तिथेही नाही पटला तर मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात. आणि त्यानंतर, तेही प्रश्न खरंच तेवढा मोठा असेल तर, दिल्ली. वर्षानुवर्षं लागतात. पण आपल्या राज्यघटनेत ३२ नंबरचं एक कलम आहे. तुमचा मूलभूत हक्क मोडला जात असेल, तर या कलमाखाली तुम्ही सर्वोच्च न्यायालयाचं दार थेट ठोठावू शकता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटना समितीत सांगितलं होतं की हे कलम घटनेचा आत्मा आहे, तिचं हृदय आहे. हक्क कागदावर लिहिले आणि ते मागायला जायला दारच नसेल, तर त्या कागदाचा काय उपयोग? पुट्टस्वामी आजोबा याच दारातून आत गेले.

हे दार नेहमीच दिल्लीत नव्हतं. इंग्रजांच्या काळात भारतातल्या खटल्याचा शेवटचा निकाल लंडनमध्ये लागायचा. तिथल्या न्यायमंडळाचं नाव प्रिव्ही कौन्सिल. खानदेशातल्या शेताचा वाद, कागदपत्रं बोटीने समुद्रापार जाणार, आणि ज्यांनी खानदेश कधी पाहिलाही नाही ते निकाल देणार! १९३७ मध्ये दिल्लीत फेडरल कोर्ट सुरू झालं. त्यातल्या पहिल्या तीन न्यायाधीशांत एक होते आपले मुकुंदराव जयकर. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरूही तेच. तरी प्रिव्ही कौन्सिलकडे जाणारी वाट काही बंद झाली नव्हती. ती बंद झाली स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्याने.

२६ जानेवारी १९५० ला देश प्रजासत्ताक झाला आणि दोनच दिवसांनी, २८ जानेवारीला, सर्वोच्च न्यायालयाची सुरुवात झाली. स्वतःची इमारत नव्हती, म्हणून संसद भवनातच संस्थानिकांसाठी बांधलेल्या दालनात कोर्ट भरायचं. हरिलाल कानिया हे पहिले सरन्यायाधीश. तेव्हा त्यांना धरून जास्तीत जास्त आठ न्यायाधीशांची तरतूद होती, २०१९ मध्ये ती ३४ जणांची झाली. १९५८ मध्ये कोर्ट आपल्या नव्या इमारतीत गेलं. ती इमारत ज्या रस्त्यावर आहे त्याला आता टिळक मार्ग म्हणतात, आणि तिचा आराखडा काढला होता गणेश भिकाजी देवळालीकर या मराठी माणसाने. मधला घुमटाचा भाग म्हणजे तराजूची दांडी आणि दोन बाजूंचे पंख म्हणजे दोन पारडी, अशी ती कल्पना. तराजूतच बसून न्याय करायचा!

चला, आता नऊचा हिशोब.

पुट्टस्वामी आजोबांच्या बाजूचे वकील म्हणाले, प्रत्येक माणसाला खासगीपणाचा हक्क आहे. सरकारचे सर्वांत मोठे वकील, म्हणजे ॲटर्नी जनरल, उभे राहिले आणि म्हणाले, असा मूलभूत हक्क आपल्याकडे नाहीच. हवं तर जुने निकाल बघा. आणि खरंच, दोन जुने निकाल त्यांच्या बाजूने होते. एक १९५४ चा, तो दिला होता आठ न्यायाधीशांनी. दुसरा १९६२ चा, सहा न्यायाधीशांचा.

हा १९६२ चा खटला ऐकाच. उत्तर प्रदेशात खरक सिंग नावाचे एक गृहस्थ होते. १९४१ मध्ये त्यांना दरोड्याच्या आरोपावरून पकडलं, पण पुरावाच नव्हता, म्हणून सोडून दिलं. झालं, संपलं? नाही! पोलिसांनी त्यांचं नाव आपल्या वहीत लिहून ठेवलं. मग काय, रात्री-अपरात्री पोलीस आणि चौकीदार त्यांच्या दारात हजर. झोपलेल्या माणसाला हाका मारून उठवायचं, आहे ना घरात, म्हणून बघायचं. गावाबाहेर जायचं तर चौकीदाराला सांगून जायचं, कुठे चाललो ते सांगायचं. विचार करा, तुमच्या घरी रोज रात्री असं कुणी आलं तर? खरक सिंग कोर्टात गेले. न्यायाधीश म्हणाले, रात्री घरी जाणं चूक, ते बंद करा. पण बाकीची पाळत ठेवायला हरकत नाही, कारण खासगीपणाचा हक्क घटनेत लिहिलेला नाही. सहांपैकी दोघांना हे पटलं नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी वेगळं लिहिलं की ज्याच्यावर सतत नजर आहे, तो माणूस मोकळा कसा? न्यायमूर्ती जे. सी. शहा त्यांच्याशी सहमत झाले. दोघेच होते, त्यामुळे त्यांचं मत निकाल ठरलं नाही. पण निकालपत्रात ते छापलं गेलं.

मला या कोर्टाची सगळ्यांत आवडणारी गोष्ट हीच आहे. तिथे हरलेलं मत फेकून देत नाहीत. ज्याचं पटलं नाही त्याने आपली कारणं लिहायची, आणि ती जिंकलेल्या मताच्या शेजारी, त्याच पुस्तकात कायमची छापायची.

आणि जुना निकाल बदलायचा असेल तर नियम असा की, तो जितक्या न्यायाधीशांनी दिला त्यापेक्षा जास्त न्यायाधीश बसले पाहिजेत. १९५४ चा निकाल आठांचा. म्हणून नऊ! जुळला ना हिशोब?

२०१७ च्या जुलैमध्ये नऊ न्यायाधीश बसले. सरन्यायाधीश जगदीशसिंग खेहर होते. त्यांच्यासोबत मुंबईचे धनंजय चंद्रचूड आणि नागपूरचे शरद बोबडे हेही होते, जे दोघेही पुढे सरन्यायाधीश झाले. २४ ऑगस्ट २०१७ ला निकाल आला. ५४७ पानं आणि सहा वेगवेगळी निकालपत्रं, पण उत्तर नऊही जणांचं एकच: होय, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. सन्मानाने जगण्याच्या हक्कातच तो आहे. १९५४ चा निकाल त्या मुद्द्यावर रद्द झाला. १९६२ चाही. सुब्बा रावांनी ५५ वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं मत आता बरोबर ठरलं.

त्याच निकालात आणखी एक फार मोठी गोष्ट झाली. १९७५ मध्ये देशात आणीबाणी लागली होती. खटला न चालवता हजारो लोकांना तुरुंगात टाकलं होतं. मला का पकडलं, एवढं तरी कोर्टात विचारू द्या, असं ते म्हणत होते. २८ एप्रिल १९७६ ला पाच न्यायाधीशांनी निकाल दिला, आणि पाचांपैकी चौघे म्हणाले, आणीबाणीत तेही विचारता येणार नाही. एकट्या न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांना ते मान्य नव्हतं. पुढच्या वर्षी ज्येष्ठतेप्रमाणे सरन्यायाधीशपद त्यांना मिळायला हवं होतं, ते मिळालं नाही. ज्या चौघांनी सरकारचं म्हणणं मान्य केलं त्यांत यशवंतराव चंद्रचूड होते. नंतर ते सात वर्षांहून जास्त काळ सरन्यायाधीश राहिले. इतका काळ दुसरं कुणीच राहिलेलं नाही. आणि २०१७ च्या निकालपत्रात त्या चौघांची गंभीर चूक झाली होती, असं कुणी लिहिलं? धनंजय चंद्रचूड यांनी. यशवंतरावांच्या मुलाने! आपल्या वडिलांचं चुकलं, हे देशासमोर लिहून ठेवायला किती धैर्य लागलं असेल.

आता पुन्हा आधारकडे येऊ. हक्क आहे हे ठरलं, पण मग आधार राहणार की जाणार? त्यासाठी पाच न्यायाधीशांनी २०१८ मध्ये तब्बल ३८ दिवस वकिलांचं म्हणणं ऐकलं. २६ सप्टेंबर २०१८ ला निकाल लागला. पानं १,४४८! चौघे एका बाजूला, एक जण दुसऱ्या बाजूला.

चौघांनी आधार ठेवला, पण त्याला कुंपण घातलं. रेशनसारख्या सरकारी मदतीसाठी आधार मागता येईल. मोबाइलच्या सिमकार्डासाठी आणि बँकेच्या खात्यासाठी सक्ती करता येणार नाही. तुमचं आधार कधी, कुठे वापरलं गेलं याची नोंद पाच वर्षं ठेवायची सोय होती, ती सहा महिन्यांवर आणली. कष्टाचं काम करणाऱ्यांच्या बोटांवरच्या रेघा झिजतात, हेही कोर्टासमोर आलं होतं. नंदुरबारच्या कितीतरी घरांतली मोठी माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात. कोयता धरून धरून त्यांचे हात कसे होतात, ते त्यांच्या मुलांना वेगळं सांगायला नको. रेशन दुकानातल्या मशीनवर असा अंगठा जुळला नाही तर घरात धान्य यायचं नाही? कोर्टाने म्हटलं, ठसा जुळत नाही म्हणून कुणाला हक्काच्या गोष्टीपासून दूर ठेवू नये, ओळख पटवायचा दुसरा मार्ग ठेवावा.

आणि तुमच्यासाठी म्हणून या निकालात खास ओळी आहेत, त्या लक्षात ठेवा. शाळेत प्रवेश देताना आधारची सक्ती करता येणार नाही, कारण सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचं शिक्षण हा हक्क आहे, कुणी केलेली मेहेरबानी नव्हे. आधार नाही म्हणून कुठल्याही मुलाला योजनेचा लाभ नाकारता येणार नाही. मुलांची नोंदणी आईवडिलांच्या संमतीनेच करायची. आणि अठरा वर्षांचे झाल्यावर, नको असेल तर आधारमधून बाहेर पडायची मोकळीक मुलांना द्यायची.

नंदुरबारहून दिल्लीच्या या कोर्टापर्यंत याआधीही एक मोठी वाट गेली होती. तिचा शेवट मात्र असा झाला नाही. सरदार सरोवर धरणामुळे अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली नर्मदाकाठची ३३ गावं बुडणार होती. त्यांतल्या मणिबेलीत तर १९९३ च्या पावसाळ्यातच पाणी शिरलं. १९९४ मध्ये धरणाविरुद्ध लढणारं नर्मदा बचाव आंदोलन सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९५ मध्ये कोर्टाने धरणाची वाढती भिंत थांबवली. पण १८ ऑक्टोबर २००० ला तीन न्यायाधीशांपैकी दोघांनी सांगितलं, धरण टप्प्याटप्प्याने वाढवा, मात्र प्रत्येक टप्प्याला आधी लोकांचं पुनर्वसन झालं पाहिजे. तिसरे न्यायमूर्ती भरुचा यांना ते मान्य नव्हतं. पर्यावरणाची नीट तपासणी होईपर्यंत काम थांबवा, असं त्यांनी लिहिलं. त्यांचंही मत छापलेलं आहे. मणिबेलीच्या लोकांना हवं होतं ते मिळालं नाही. धरण पुढे १३८.६८ मीटरपर्यंत गेलं. काठावरची कितीतरी घरं उठून तळोद्याकडच्या नव्या वसाहतींत आली. त्या वसाहतींतली मुलं आज शाळेत आहेत, आणि त्यांच्या आजी-आजोबांना नर्मदेकाठचं घर आठवतं. त्यांना जरूर विचारा.

गंमत म्हणजे आधारचा निकाल लागला त्याच दिवशी, २६ सप्टेंबर २०१८ ला, कोर्टाने आणखी एक निकाल दिला: महत्त्वाच्या खटल्यांचं कामकाज लोकांना थेट दाखवायचं. ते प्रत्यक्षात यायला चार वर्षं लागली. सरन्यायाधीश उदय लळित असताना, २७ सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठांचं, म्हणजे घटनेचे मोठे प्रश्न सोडवायला एकत्र बसणाऱ्या पाच किंवा जास्त न्यायाधीशांचं, कामकाज इंटरनेटवर दिसायला लागलं. आता धडगावमधल्या मुलालाही, रेंज मिळाली तर, मोबाइलवर ते कोर्ट बघता येतं. बोलणं इंग्रजीत चालतं, पण काळ्या कोटातले वकील एकमेकांना कसे अडवतात आणि न्यायाधीश मध्येच कसा प्रश्न टाकतात, ते बघण्यासारखं असतं. अनेक निकालांची भाषांतरंही आता मराठीत मिळतात.

राहिले ते आधारच्या निकालातल्या पाचांतले एकटे न्यायाधीश. ते पुन्हा धनंजय चंद्रचूडच! चौघांच्या बाजूला पुण्यात जन्मलेले अजय खानविलकर होते, म्हणजे दोन मराठी माणसं समोरासमोर. चंद्रचूडांनी लिहिलं, हा अख्खा कायदाच घटनेविरुद्ध आहे, कारण तो ‘धन विधेयक’ म्हणून मंजूर केला. धन विधेयक म्हणजे सरकारी पैशांबद्दलचं विधेयक. ते लोकसभेत मंजूर झालं की राज्यसभेला चौदा दिवसांत फक्त सूचना करता येतात, ते अडवता येत नाही. ठसे आणि बुबुळं हा फक्त पैशांचा मामला आहे का? चौघांना ते चाललं, एकाला नाही. पण २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या एका खटल्यात पाच न्यायाधीशांना शंका आली की धन विधेयक कशाला म्हणायचं हे आधारच्या निकालात नीट तपासलं गेलं नाही. त्यांनी तो प्रश्न आणखी मोठ्या पीठाकडे, म्हणजे आणखी जास्त न्यायाधीशांकडे, पाठवून दिला.